पाचवा विषय

अकरावीत मी जीवशास्त्र घेतलं ते काही प्रेमाने नाही. पीटीच्या सरांना टाळायला घेतलं. गणित, भौतिक, रसायन आणि इंग्रजी हे चार विषय पक्के होते, पाचवा आपण निवडायचा. माझी रांग पुढे सरकेपर्यंत कॉम्प्युटरच्या जागा भरून गेल्या. उरलं शारीरिक शिक्षण, आणि ते शिकवणारे सर मला चांगलेच ओळखून होते. तेव्हा फॉर्मवर जीवशास्त्रापुढे खूण केली आणि घरी येऊन तसं सांगितलं.

"घे," बाबा म्हणाले. "बेंडकं काप खुशाल. पन गनिताकडे ध्यान दे. कामाले तेच येनार हाय."

शाळेतून बेडूक कधीचाच हद्दपार झाला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मीही सांगायला गेलो नाही.

कामाला म्हणजे रेल्वेच्या कामाला. बाबा लोको पायलट होते, गाडीचं इंजिन चालवायचे. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. मी चार वर्षांचा असताना बदली होऊन जयपूरला आलो आणि सोडाला नावाच्या भागाच्या अलीकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला लागलो. घरात वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी आणि इंग्रजीची खिचडी. माझं मराठी अजूनही मध्येच 'मतलब' म्हणून अडखळतं. हे लिहितानासुद्धा चार-पाच शब्द स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारून आलो आहे.

माझं पुढचं सगळं ठरलेलं होतं. बारावी, मग डिप्लोमा, मग असिस्टंट लोको पायलटची परीक्षा, आणि एक दिवस बाबांच्या खुर्चीत मी. हे कुणी माझ्यावर लादलं नव्हतं. मलाच ते हवं होतं. बाबा ड्यूटीला निघाले की त्यांची काळी पेटी मी दारापर्यंत उचलून न्यायचो आणि तेवढ्या दहा पावलांत मी इंजिनावर चढलेला असायचो.

इंजिनात एक पद्धत असते. समोर सिग्नल दिसला की असिस्टंट हात वर करून त्याचा रंग मोठ्याने म्हणतो, आणि लोको पायलट तोच रंग परत म्हणतो. दोघांनी म्हटल्याशिवाय सिग्नल दिसला असं धरत नाहीत. बाबांनी ही सवय घरी आणली होती. आई म्हणायची, "गॅस बंद." बाबा म्हणायचे, "गॅस बंद." मी म्हणायचो, "दाराला कडी." ते म्हणायचे, "दाराला कडी." बाहेरच्या माणसाला वाटावं की या घरात सगळे बहिरे आहेत. आई चिडायची, "हे घर हाय का इंजिन?" पण झोपायच्या आधी तीच पहिली ओरडायची.

बाबांना रेस्ट असला, म्हणजे ड्यूटीतून सुट्टी असली, की ते मला स्टेशनच्या पादचारी पुलावर घेऊन जायचे. लहान होतो तेव्हा खांद्यावर, मोठा झाल्यावर शेजारी उभा करून. रुळांच्या टोकाशी सिग्नल उभा असायचा. ते विचारायचे, मी हात वर करून ओरडायचो, "हिरवा!" आणि तेही हात वर करून म्हणायचे, "हिरवा!" माझं एकदाही चुकलं नाही. ते आपल्या सोबत्यांना सांगायचे, "माया पोट्ट्याची नजर पाहा. आत्ताच गाडी हातात देली तं नेईन दिल्लीले." मी फुगून जायचो.

आता मागे वळून बघतो तर खुणा कितीतरी होत्या. खडूच्या पेटीतल्या रंगांवरचा कागद मी कुणाला सोलू द्यायचो नाही, कारण नाव त्या कागदावर असायचं. बाजारात टोमॅटो निवडायला पाठवलं की मी दाबून निवडायचो. आणि ज्या शहराला अख्खं जग गुलाबी म्हणतं, तिथे बारा वर्षं राहूनही मला वाटायचं की ते फक्त नाव आहे, दिल्लीला दिल्ली म्हणतात तसं. त्यात काही बघायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. असो.

जीवशास्त्राच्या मॅडम सीकरकडच्या होत्या. बुटक्या, ओढणी खांद्याला पिनेने घट्ट लावलेली, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि तोंड भलतंच फटकळ. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी सांगून टाकलं, "जो दिखे, वही लिखो. किताब मैंने पढ़ रखी है." आम्ही माना डोलावल्या आणि पुढच्या आठवड्यापासून सगळे लिहायला लागलो ते सीनियरच्या फाइलमधून.

ही फाइल म्हणजे शाळेतली मोठी संस्था होती. आधीच्या वर्गातला कुणीतरी आपली प्रॅक्टिकलची वही देऊन जायचा. त्यातली निरीक्षणं त्याने आणखी वरच्या कुणाची तरी उतरवलेली असायची. प्रयोगाआधीच निकाल तयार. माझ्या बाकावरचा मुलगा प्रताप नगरहून यायचा. तो शाळा सुटली की कोचिंगला पळायचा आणि त्याला डॉक्टर व्हायचं होतं, त्यामुळे डोळ्यांनी बघण्यात वेळ घालवणं त्याला परवडत नव्हतं. एकदा त्याने कांद्याच्या पापुद्र्यातला हवेचा बुडबुडा पेशी म्हणून काढला, वर त्यात केंद्रकही टाकलं. मॅडमनी ती आकृती सगळ्या वर्गाला दाखवली.

मला मात्र आकृत्या आवडायला लागल्या. जीवशास्त्राच्या फाइलमध्ये रंग चालत नाही. टोक काढलेली पेन्सिल, एक सलग रेघ, शेडिंग नाही, फार तर बारीक ठिपके. शाळेत पहिल्यांदाच मला असा विषय भेटला होता जिथे रंग वापरला तर मार्क कापले जायचे. चित्रकलेच्या तासाला आकाशाच्या नाहीतर झाडाच्या रंगावरून ज्या मुलाला सगळे हमखास हसायचे, तो इथे खोडाच्या कापाची आकृती काढून बसला की मॅडम पाठीमागे येऊन थांबायच्या. लाल द्रावणात बुडवलेला तो पातळ काप बाकीच्यांना लाल चकती दिसायचा. मी त्यातल्या भिंती मोजत बसायचो. कुठली जाड, कुठली पातळ, कुठल्या कोपऱ्यात फुगीर. सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढावंसं वाटायचं नाही. गणिताच्या वहीत मात्र माशा मारणं चालू होतं, आणि त्यावरून घरी बोलणी बसत होती.

थंडीचे दिवस होते. जयपूरची थंडी, नळाचं पाणी हाताला चावायचं. त्या दिवशी प्रॅक्टिकल होतं प्रथिनं ओळखायचं. वर्गातली निम्मी मुलं अंड्याला हात लावणार नाहीत, म्हणून मॅडमनी दूध, भिजवलेल्या चण्याचं पाणी, साखरेचं पाणी आणि बटाट्याचा रस असे चार नमुने ठेवले होते. परखनळीत नमुना घ्यायचा, दोन द्रावणं थेंब थेंब टाकायची. प्रथिनं असली तर जांभळा रंग येतो, नसली तर निळा राहतो. सोपं काम.

सकाळीच बाबांशी गणिताच्या मार्कांवरून वाजलं होतं आणि माझं टाळकं तापलेलं होतं. मी चारही नळ्या स्टँडमध्ये लावून बघत बसलो. चारही निळ्या. हलवल्या. निळ्याच. शेजाऱ्याने एव्हाना फाइलमधून निकाल उतरवून पेन खिशाला लावलंही होतं. एरवी मीही तेच केलं असतं, पण त्या दिवशी मला कुणाचंच ऐकायचं नव्हतं. मी लिहिलं, 'चारही नमुन्यांत बदल नाही. प्रथिनं नाहीत.'

शेजाऱ्याने वाचलं आणि तो ओरडला, "अबे, दूध में प्रोटीन नहीं है?"

वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम आल्या. आता आपली चंपी होणार हे दिसत होतं, म्हणून मीच आधी तोंड उघडलं. "मैम, आपने ही कहा था, जो दिखे वही लिखो."

त्यांनी आधी माझी वही वाचली. मग नळ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी चारही नळ्या उचलल्या, पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि माझ्यासमोर धरून हळू आवाजात विचारलं की यातल्या एकसारख्या दोन कुठल्या. मला चारही सारख्याच दिसत होत्या, मी अंदाजाने दोन दाखवल्या. त्यांनी पुन्हा अदलाबदल केली. मी पुन्हा दोन दाखवल्या. तिसऱ्यांदा मी दाखवल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा मऊ झाला की मला भीतीच वाटली. मग त्या वर्गाकडे वळून नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज इस पूरी क्लास में एक ही रीडिंग असली है, और वो इसकी है. बाकी सब दोबारा करो."

हसणाऱ्यांनी पुन्हा नळ्या उचलल्या. मला वाटलं मी जिंकलो. बाकाखालून मी शेजाऱ्याला एक लाथही मारली.

सुट्टी झाल्यावर त्यांनी मला प्रयोगशाळेत थांबवलं. नळ्या तशाच ठेवल्या होत्या. त्यांनी सरळ सांगितलं की दूध आणि चण्याच्या नळ्या जांभळ्या आहेत, त्या मला निळ्या दिसतात, आणि यात माझी चूक नाही. काही डोळ्यांना काही रंग वेगळे दिसत नाहीत, एवढंच. मग त्यांनी विचारलं, वडील काय करतात.

"लोको पायलट."

"और तुम्हें क्या बनना है?"

"लोको पायलट."

त्यांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. म्हणाल्या, "सिग्नल कैसे पहचानते हो, बेटा?"

"ऊपर वाला हरा, बीच वाला पीला, नीचे वाला लाल," मी म्हणालो. आणि माझ्याच तोंडून निघालेलं ते उत्तर माझ्याच कानांनी ऐकलं. पुलावर मी आयुष्यभर रंग बघितलेच नव्हते. कुठला दिवा लागलाय ते बघून, त्या जागेला जे नाव असतं ते म्हणत आलो होतो. माझी समजूत होती की सगळे असंच करतात.

मला मॅडमचा राग आला. आज लिहायला लाज वाटते, पण भयंकर राग आला. ज्या बाईने मला वर्गात झाकून घेतलं, तिच्यावरच मी दात खाऊन होतो. वाटलं, विषयच सोडून देऊ. पीटीच्या सरांचा मार परवडला. त्यांनी मला पालकसभेपर्यंतची मुदत दिली होती. "घर पर तुम बताओगे तो अच्छा है. नहीं तो मैं बताऊँगी." म्हणजे बारा दिवस.

आमच्या घरात आणखी एक नियम होता, आणि रेल्वेच्या बऱ्याच घरांत असतो. माणूस ड्यूटीवर निघायच्या आधी त्याला वाईट बातमी सांगायची नाही. आजारपण, भांडण, नापासाचा निकाल, सगळं तो परत आल्यावर. डोकं शांत असलेला माणूसच गाडीवर जावा म्हणून. तो नियम मी ढालीसारखा वापरला. बाबा निघाले की ड्यूटी आहे म्हणून सांगायचं नाही, आले की दमलेत म्हणून सांगायचं नाही. सात दिवस असेच काढले. आठव्या दिवशी त्यांना रेस्ट होता. संध्याकाळी आई भाकरीचं पीठ मळत होती आणि बाबा बूट पॉलिश करत होते, तेव्हा मी भडाभडा सगळं बोलून टाकलं.

बाबा आधी हसले. "तुया मॅडमले काय मालूम? पुलावर तू कधी चुकला का?"

मग मी त्यांना जागेचं सांगितलं. वरचा, मधला, खालचा.

त्यांचा ब्रश थांबला. ते उठले, पेटीतून आपला टॉर्च काढला. त्याची एक बाजू फिरवली की लाल काच येते, आणखी फिरवली की हिरवी, नाहीतर साधा पांढरा उजेड. त्यांनी खोलीतला दिवा बंद केला आणि भिंतीला टेकून बसले. एकच टॉर्च, एकच जागा. आई पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली.

"बोल," ते म्हणाले.

"पांढरा," मी म्हणालो.

मी वाट बघितली. बाबांनी ते परत म्हटलं नाही.

टॉर्च फिरला. "हिरवा," मी म्हणालो. त्यांनी तेही परत म्हटलं नाही. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "लाल," आणि अंधारातून लगेच आवाज आला, "लाल!" इतक्या जोरात, जणू गाडी वाचली. मग पुन्हा शांतता. पुन्हा शांतता. कधी बरोबर यायचं, तेव्हा ते घाईने परत म्हणायचे. चुकायचं तेव्हा नुसता टॉर्च फिरल्याचा आवाज यायचा. त्यांनी मला एकदाही चूक म्हटलं नाही. पण माझ्या घरात मी काही म्हटलं आणि ते कुणी परत म्हटलं नाही, असं त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं. मला रडू आलं ते त्या शांततेमुळे.

शेवटी आईनेच दिवा लावला. "पुरे करा आता," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक उघडलं आणि दोन मिनिटांत बंद केलं. इंजिनावर जाणाऱ्या माणसाची जी तपासणी होते तीत हा मुलगा कधीच पास होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आणि जाता जाता म्हणाले, हे बहुतेक आईकडून येतं. डॉक्टर बोलून मोकळे झाले. ते वाक्य आईने मात्र पदराच्या गाठीत बांधून घरी आणलं.

त्यानंतरचे दोन दिवस आईचे फार वाईट गेले. ती माझ्या डब्यात रोज माझ्या आवडीचं काहीतरी द्यायला लागली आणि माझ्याकडे बघेनाशी झाली. एकदा डबा हातात देताना म्हणाली, "मायामुळं झालं रे." मी तिच्यावर ओरडलो. मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि मी ओरडलो. माझा स्वभाव हा असा आहे.

पालकसभेला दोघंही आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅडमनी आमच्यासाठी शेवटची वेळ राखून ठेवली होती. त्यांनी आईला खुर्ची दिली आणि एक कोरा कागद पुढे ओढला. माणूस म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. एक गोल काढला, ये आप. त्याखाली एक चौकोन, ये आपका बेटा. चौकोन पेन्सिलीने भरला, म्हणजे रंग न दिसणारा. आईच्या गोलात फक्त एक टिंब दिलं. ज्या बाईकडे हे टिंब असतं तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, तिला ते असल्याचं कळतही नाही, मग तिने ते दिलं असं कसं म्हणायचं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईच्या गोलाच्या वर आणखी एक चौकोन काढला आणि विचारलं, "आपके पिताजी को रंगों में कभी दिक्कत होती थी?"

आई नाही म्हणणार होती. तिचं तोंड तसं उघडलंही होतं. मग ती थांबली, आणि तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लागली. तिचे वडील मिरचीच्या तोडणीला जायचे. लाल झालेल्या मिरच्या तोडायच्या, हिरव्या झाडावर ठेवायच्या. त्यांच्या टोपलीत नेहमी हिरव्या निघायच्या. मालक सगळ्यांदेखत टोपली उलटी करायचा. आंधळा, कामचुकार, ध्यान नसलेला, काय वाटेल ते बोलायचा. पुढे त्यांना तोडणीला कुणी घेईना, नुसती पोती उचलायला बोलवायचे. घरीही तेच. आजीही म्हणायची, यांचं कशात लक्ष नाही. "हम भी हँसते थे," आई म्हणाली. "मैं भी हँसती थी, मॅडम."

मॅडमनी तो वरचा चौकोनही भरला. मग पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "उनका ध्यान पूरा था. उनको लाल दिखता ही नहीं था."

आई तिथेच, पालकसभेच्या खुर्चीत, तोंडाला पदर लावून रडली. आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्यावरचा आळ त्या दिवशी उतरला, जयपूरच्या एका शाळेत, एका पेन्सिलीने. मी कितीही परीक्षा पास झालो असतो तरी आईला यापेक्षा मोठं काही आणून देऊ शकलो नसतो. तो कागद आईने मागून घेतला. अजून तिच्या कपाटात आहे.

निघताना बाबा उभे राहिले. बाबा कुणासमोर फारसं बोलत नाहीत. हात जोडून म्हणाले, "मैडम, अट्ठाईस साल से सिग्नल देख रहा हूँ. घर का मुझे नहीं दिखा." मॅडम एकदम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलावरच्या पिशवीतल्या मूठभर शेंगा बाबांच्या हातात ठेवल्या. बाबा त्या घरापर्यंत तशाच मुठीत घेऊन आले.

मी विषय सोडला नाही. गणित राहिलं, पण पाचव्या नंबरावर गेलं. मॅडमनी माझ्यासाठी एक सोय काढली. रंगाचा प्रयोग असला की शेजाऱ्याने रंग मोठ्याने सांगायचा, मी तो परत म्हणायचा आणि मगच लिहायचा, पुढे 'रंग सहकाऱ्याने पाहिला' अशी नोंद करायची. बदल्यात आकृतीसाठी त्याला काय कुठे आहे ते मी दाखवायचं. झालं असं की सीनियरच्या फाइलवर जगणाऱ्या त्या पठ्ठ्याला नळीकडे खरंच बघावं लागायला लागलं. तो मला पुष्कळ शिव्या द्यायचा. "बैंगनी!" तो ओरडायचा. "बैंगनी!" मी ओरडायचो. मॅडम कपाळाला हात लावायच्या, पण बंद करायला सांगितलं नाही. घरी हे ऐकून बाबा बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. "मंग तो तुया असिस्टंट झाला," म्हणाले.

त्या वर्षी मला जे गमवावं लागलं त्याचं दुःख नव्हतं असं म्हणणार नाही. बारावीनंतरही बाबांची पेटी दारात ठेवली की मी लगेच आत वळायचो. पण बाबांनी एकदा सांगितलं होतं, रेल्वेच्या मेडिकल तपासणीच्या खोलीतून बाहेर पडणारी पोरं त्यांनी बघितली आहेत. डिप्लोमा झालेली, परीक्षा पास झालेली, गावात पेढे वाटून आलेली. हातात फाइल आणि तोंडावर काहीच नाही. मला ते सोळाव्या वर्षी कळलं, मूठभर शेंगांसकट कळलं, आणि कळलं तेव्हा हातात दुसरं काहीतरी होतं. मी त्या बाईंचा फार ऋणी आहे. हे मी त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, भाषण नको, आत्ता काय बघतोयस ते सांग.

मी बिया बघतो. शेतकऱ्यांना जाणारं बियाणं तपासण्याच्या एका प्रयोगशाळेत मी नोकरीला आहे. मोहरीच्या मुठीतून तणाचं बी वेगळं काढायचं. सोबतचे रंगावरून काढतात, मी कडेवरून, सुरकुतीवरून, देठाच्या खुणेवरून. जिथे फक्त रंगाचाच फरक असतो तिथे शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना विचारतो, त्या सांगतात, मी परत म्हणतो. त्यांना ही माझी खोड वाटते.

बाबा आता निवृत्त झालेत आणि आम्ही प्रताप नगरला फ्लॅटमध्ये राहतो. त्यांच्या गुडघ्याच्या औषधासाठी महिन्यातून एकदा त्यांना सोडाल्याच्या डॉक्टरांकडे नेतो. डॉक्टर तसे प्रताप नगरातही आहेत, पण त्यांना जुनेच लागतात. स्कूटर मी चालवतो, बाबा मागे बसतात, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर. चौक आला की त्यांचा एक हात उचलला जातो. मला आरशात दिसतो तो. आजूबाजूचे रिक्षावाले वळून बघतात.

"लाल!" बाबा मागून म्हणतात.

"लाल," मी म्हणतो आणि थांबतो.

चौकातले दिवे मला अडत नाहीत. वरचा, मधला, खालचा, इथे क्रम रेल्वेच्या उलटा, तरी सगळं पाठ आहे, आणि हे बाबांना माझ्याइतकंच माहीत आहे. त्या दिवशी टॉर्च फिरवत ते जितक्या वेळा गप्प राहिले, त्याच्या कितीतरी पट वेळा आता बोलून झालंय. तरी दर चौकात त्यांचा हात वर जातोच.

"हिरवा!" ते म्हणतात.

ते म्हणेपर्यंत मी स्कूटर हलवत नाही. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत असतो, वाजवू दे. मीही हँडलवरचा एक हात वर करतो आणि मोठ्याने म्हणतो, "हिरवा!"